बालरुग्णालयाची जागा : परळ, जामखेड आणि श्रीरामपूर यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नवे बालरुग्णालय कोठे उभारावे, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा आणि नगररचनाकाराचा वाटतो. जमीन किती उपलब्ध आहे, रस्ता कोणता, पाणी व वीज कोठून येणार, एवढे निश्चित झाले की जागा निश्चित झाली, अशी सर्वसाधारण समजूत असते. तथापि महाराष्ट्रातील बालरुग्णालयांचा व बालआरोग्याच्या कार्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास तपासला असता निराळेच चित्र समोर येते. जागा ठरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ठरलेली असते, ती म्हणजे कोणती बालके मोजावयाची आणि ती कोठली म्हणून मोजावयाची. ज्या गावाच्या नोंदवहीत मूल आहे तेथे ते आजारी पडतेच असे नाही आणि ज्या गावात ते आजारी पडते तेथील नोंदवहीत त्याचे नाव असतेच असेही नाही. प्रस्तुत लेखात या एका मुद्द्याच्या अनुषंगाने मुंबईतील परळ व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथील अनुभवांचा विचार केला असून, त्या प्रकाशात श्रीरामपूरसारख्या साखरपट्ट्यातील तालुक्यात असा प्रश्न कसा मांडावा लागेल हे पाहिले आहे.

रिकाम्या वास्तूंचा इतिहास

बालकांसाठी स्वतंत्र रुग्णालय ही कल्पना फार जुनी नाही. पॅरिस येथे १८०२ मध्ये सुरू झालेले रुग्णालय हे या प्रकारचे आद्य रुग्णालय मानले जाते. लंडनमध्ये डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या प्रयत्नाने ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील रुग्णालय १८५२ मध्ये अवघ्या दहा खाटांनिशी उघडले. या दोन्ही ठिकाणी नवी जागा शोधून नवी इमारत बांधलेली नव्हती. पॅरिसचे रुग्णालय एका जुन्या अनाथालयाच्या वास्तूत आले, तर लंडनचे रुग्णालय डॉ. रिचर्ड मीड या अठराव्या शतकातील नामांकित वैद्याच्या जुन्या वाड्यात सुरू झाले. धनिक वर्ग पश्चिमेकडे सरकला होता, मोठी घरे रिकामी पडली होती आणि आसपास गरिबांची वस्ती दाटली होती. जागा निवडली गेली असे म्हणण्यापेक्षा जागा सुटली आणि ती रुग्णालयाच्या हाती आली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

मुंबईतील परळचा इतिहास याहून फारसा वेगळा नाही. परळ हे एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान होते. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तेथे पटकीने मृत्यू झाला आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळचा निवास सोडून मलबार हिलला कायमचे बस्तान हलविले. पुढे १८९६ च्या प्लेगच्या साथीत रिकामा पडलेला हा प्रासाद रुग्णांसाठी वापरला गेला आणि १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेग प्रतिबंधक लसीची प्रयोगशाळा तेथे आली. राज्यकर्त्यांना जी जागा अनारोग्यकारक म्हणून नकोशी झाली तीच कालांतराने शहराची आरोग्यनगरी झाली, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय. १९२६ मध्ये राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय परळ येथे सुरू झाले. भारतीय डॉक्टरांनीच अध्यापन करावे, हा देणगीदारांच्या विश्वस्तांचा आग्रह या महाविद्यालयाच्या स्थापनेमागे होता. त्याच वर्षी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले आणि तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, त्याच्या शेजारी बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभे राहिले. सर कुस्रो व सर नेस वाडिया या बंधूंनी वडिलांच्या नावे प्रसूतिगृह व आईच्या नावे बालरुग्णालय दिले.

येथे नमूद करणे आवश्यक आहे की मुंबईत बालरुग्णालयाचा दुसरा नमुनाही याच सुमारास आकाराला आला होता. भारतीय बालरोगशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्या डॉ. जॉर्ज कोएलो यांच्या प्रयत्नाने १९२८ मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात बी. जे. बालरुग्णालय सुरू झाले. अध्यापन रुग्णालयाच्या आवारात बालविभाग वाढवावयाचा, हा तो नमुना. परळचा नमुना निराळा होता, कारण तेथे बालरुग्णालयाचा पहिला शेजारी प्रसूतिगृह होता. आई व मूल यांच्यामधील अंतर भिंतीपुरतेच ठेवण्याचा हा निर्णय, मग तो हेतुपुरस्सर असो वा कौटुंबिक स्मारकाच्या ओघात आलेला असो, त्या काळाच्या मानाने दूरदर्शी होता.

१९२१ चा आकडा

परळची जागा योग्य ठरली याचे खरे कारण मात्र देणगी व मोकळी जमीन यांपलीकडचे आहे. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी हा गिरणगावाचा मध्य. १९२१ या वर्षी मुंबई शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे अर्भकमृत्यूंचे प्रमाण साडेसहाशेहून अधिक निघाले आणि एकखोली बिऱ्हाडांसाठी ते आठशेच्याही पुढे गेले. हे आकडे त्या काळी फार गाजले. मुंबईच्या चाळीवरील लेखनात व मजुरांच्या स्थितीविषयीच्या चर्चेत ते वारंवार उद्धृत झालेले आढळतात.

तथापि हा आकडा जसाच्या तसा खरा नव्हता आणि हे तत्कालीन अभ्यासकांनाही ठाऊक होते. गिरणी कामगारांच्या स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात. मुलाचा जन्म रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावी होई आणि काही महिन्यांनी आई त्याला घेऊन चाळीत परत येई. मूल दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईत होई, जन्माची नोंद मात्र मुंबईत नसे. अर्थातच भागाकारातील छेद लहान राही आणि प्रमाण फुगे. यामुळे हा आकडा मुंबईवर अन्याय करणारा आहे, असा युक्तिवाद करता येत असे आणि सांख्यिकीच्या दृष्टीने तो बिनतोडही होता.

परंतु रुग्णालयाच्या जागेच्या दृष्टीने पाहिले तर या सदोष आकड्याने योग्य दिशा दाखविली, असेच म्हणावे लागेल. मूल कोठे जन्मले हा प्रश्न रुग्णालयापुढे नसतोच. ते कोठे श्वास घेते, कोणते दूध पिते, आई कामावर गेल्यावर कोणाच्या स्वाधीन असते आणि रात्री धाप लागली तर त्याला उचलून किती अंतर चालावे लागते, हे प्रश्न रुग्णालयापुढे असतात. या सर्व प्रश्नांचे उत्तर परळ हेच होते. चुकीच्या भागाकाराने योग्य जागेकडे बोट दाखविले. अशा उलट्या न्यायाची उदाहरणे प्रशासनाच्या इतिहासात क्वचितच सापडतात.

परळच्या उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. खाजगी दान आणि सार्वजनिक अनुदान यांच्या सांध्यावर उभी असलेली संस्था जागेने स्थिर असली तरी खर्चाच्या बाबतीत स्थिर असतेच असे नाही. जानेवारी २०२० मध्ये अनुदानाच्या वादातून वाडिया रुग्णालयापुढे बंद पडण्याचे संकट उभे राहिले, तेव्हा पालक व कर्मचारी रस्त्यावर उतरले आणि महापालिका व राज्य शासनाने निधी दिल्यावर ते टळले. गिरण्या तोवर केव्हाच बंद झाल्या होत्या. ज्या वस्तीसाठी जागा योग्य ठरली होती ती वस्तीही बरीचशी बदलली होती. तरीही रुग्णालयाची गरज संपली नव्हती, कारण आता महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुले तेथे येऊ लागली होती. जिल्ह्याजिल्ह्यांतील उणीव परळच्या दारात येऊन उभी राहत होती, असा याचा अर्थ घ्यावा लागेल.

वडाळ्याहून जामखेडला

जिल्ह्यातील उणीव जिल्ह्यातच भरून काढण्याचा विचार अहिल्यानगर जिल्ह्याला नवा नाही. डॉ. ज्युलिया बिसेल यांच्या प्रयत्नांतून अमेरिकन मराठी मिशनने १९०४ मध्ये नगर शहरात स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उभारले. १९३९ मध्ये ते साल्वेशन आर्मीकडे गेले व आज बूथ हॉस्पिटल या नावाने परिचित आहे. पुरुष डॉक्टरांकडे न जाणाऱ्या स्त्रियांना व त्यांच्या मुलांना उपचार मिळावेत, ही त्यामागील भूमिका होती. आईच्या दाराने मुलापर्यंत पोहोचण्याचा जो मार्ग पुढे परळला दिसतो तो नगरमध्ये त्याच्या दोन दशके आधी दिसतो, ही बाब जिल्ह्याच्या इतिहासलेखनात फारशी अधोरेखित झालेली नाही.

जागेच्या प्रश्नाला खरी कलाटणी मात्र डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी दिली. वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर १९६२ ते १९६६ या काळात त्यांनी श्रीरामपूरच्या शेजारील नेवासे तालुक्यात वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. रुग्णालय चालत होते, रुग्ण बरे होऊन जात होते आणि तेच रुग्ण तेच आजार घेऊन पुन्हा येत होते. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, अवघ्या काही कोसांवर, मुले हगवण, न्यूमोनिया व कुपोषण यांनी दगावत होती आणि ती वडाळ्याला येतही नव्हती. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दांपत्य परतले तेव्हा, म्हणजे १९७० मध्ये, त्यांनी वडाळा किंवा नगर न निवडता जामखेड निवडले. अवर्षणप्रवण, दरिद्री आणि वैद्यकीय सोयींपासून दूर, असा हा तालुका. आणि काम सुरू झाले ते पुन्हा एका रिकाम्या वास्तूत. या वेळी ती गुरांच्या दवाखान्याची जुनी इमारत होती!

लंडन व परळ येथील रिकाम्या वास्तूंपेक्षा जामखेडचे उदाहरण एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. वास्तू मिळाली म्हणून गाव निवडले, असे येथे झाले नाही. गाव गरजेवरून निवडले आणि मग मिळेल ती वास्तू स्वीकारली. शिवाय त्यांच्या योजनेत इमारतीला दुय्यम स्थान होते. गावाने निवडलेली, बहुधा निरक्षर, बहुधा दलित वा अन्य वंचित समाजातील स्त्री प्रशिक्षण घेऊन ग्राम आरोग्य सेविका होई. मुलाचे वजन, लसीकरण, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी, गरोदर स्त्रीची तपासणी ही कामे ती आपल्या गावातच करी. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये कार्यक्षेत्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. दोन दशकांत ते त्याच्या लहानशा अंशावर आले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला तो याच कार्यासाठी.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी हाच विचार आणखी एक पाऊल पुढे नेला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरीच केलेल्या काळजीने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर राबविला जाऊ लागला. बालरुग्णालयाची सर्वांत योग्य जागा बाळाचे घर हीच, असे यावरून कोणी म्हणेल. ते अर्धसत्य होय. श्वास थांबत आलेल्या दीड किलोच्या बाळाला अखेरीस प्राणवायू, उष्णता आणि रात्री जागे असणारे प्रशिक्षित मनुष्यबळ लागतेच. आणि ते खोलीच्या बांधणीपासून विजेच्या तारांपर्यंत निर्दोष असावे लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षातील आगीत दहा अर्भके मृत्युमुखी पडली, ही घटना विसरता येणार नाही. घर व रुग्णालय यांत निवड करावयाची नसून त्यांच्यातील अंतर किती असावे हे ठरवावयाचे आहे. मात्र या दोन्ही कार्यांत एक गृहीत समान आहे. मुलाचे घर एका जागी असते आणि आरोग्य सेविकेला ते माहीत असते, हे ते गृहीत.

कालव्याकाठचे मूल

श्रीरामपुरात नेमके हेच गृहीत कोसळते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि बेलापूर गावापासून काही अंतरावर त्याच गावाच्या नावाचे स्थानक आले. त्या स्थानकाभोवती वाढलेली पेठ म्हणजे आजचे श्रीरामपूर. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या व प्रवरा कालव्यांच्या पाण्यावर येथे ऊस आला. हरेगाव व टिळकनगर येथे खाजगी साखर कारखाने उभे राहिले. १९५० मध्ये शेजारच्या प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्याच सहकारी परंपरेतून १९७६ मध्ये लोणी येथे ग्रामीण रुग्णालय आले आणि १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयही. मोठे रुग्णालय शहरात न नेता कारखान्याच्या गावी ठेवण्याचा हा निर्णय जागेच्या इतिहासात महत्त्वाचा आहे, कारण त्यात उत्पादक सभासदाचे गाव केंद्रस्थानी होते.

मात्र उसाच्या अर्थव्यवस्थेत सभासदाखेरीज आणखी एक घटक आहे, तो म्हणजे ऊसतोड मजूर. बीड जिल्ह्यातून, तसेच याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसांची गणना अवजाराच्या नावाने होते. या गणनेत मूल मोडत नाही. ते आईवडिलांबरोबर येते, खोपीत राहते आणि पहाटे फड सुरू झाला की बांधावर झोपविले जाते. गाळप साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत चालते. अर्थात वर्षातील कडाक्याच्या थंडीचे महिने, जेव्हा लहान मुलांना छातीचे विकार सर्वाधिक जडतात, हे मूल पाचटाच्या खोपीत काढते.

आता १९२१ च्या मुंबईशी तुलना करून पाहावी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये घटना जेथे घडते तेथे तिची नोंद होते. या मुलाचा जन्म बीड वा पाथर्डीकडील एखाद्या दवाखान्यात नोंदला गेलेला असतो. त्याचे वजन व लसी गावच्या अंगणवाडीच्या वहीत असतात. श्रीरामपूर तालुक्यात ते अत्यवस्थ झाले तर त्याला लोणी किंवा नगरला नेले जाते आणि दुर्दैवाने तेथे मृत्यू आला तर नोंद तेथील नोंदवहीत पडते. मुंबईत निदान मृत्यू तरी मुंबईच्या खात्यावर चढत असे. श्रीरामपूरच्या खात्यावर या मुलाचा जन्मही नाही आणि मृत्यूही नाही. मुंबईचा आकडा फुगला आणि रुग्णालय झाले. येथे आकडा आकसतो आणि गरज नाही असे सिद्ध होते. जामखेडच्या एखाद्या ग्राम आरोग्य सेविकेने वर्षभर जपलेले मूलही कार्तिकात टोळीबरोबर निघाले की त्या व्यवस्थेच्या नजरेआड होते, आणि ज्या कालव्याकाठी ते उतरते तेथील व्यवस्थेच्या नजरेत येत नाही.

शासकीय आरोग्यसंस्थांची जागा लोकसंख्येच्या निकषावर ठरते. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालापासून ही पद्धत रूढ आहे. मैदानी भागात पाच हजारांस उपकेंद्र, तीस हजारांस प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एक लक्ष वीस हजारांस ग्रामीण रुग्णालय असे प्रमाण पुढे प्रचलित झाले. हा निकष न्याय्य आहे, परंतु तो स्थिर माणसाला लागू पडतो. सहा महिन्यांची लोकसंख्या त्यात बसत नाही.

जागेचा प्रश्न श्रीरामपुरात कसा मांडावा

श्रीरामपुरात बालरुग्णालयाच्या जागेचा विचार होईल तेव्हा पहिला मोह मोकळ्या जमिनीचा असेल. कमाल जमीन धारणा कायद्यानंतर कारखान्यांच्या मळ्यांच्या जमिनी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे आल्या. हरेगाव व टिळकनगरचे मळे त्यांतच मोडतात. मोठे, सलग, शासनाच्या ताब्यातील क्षेत्र हाताशी असताना जमीन विकत घेण्याचे प्रयोजन काय, असे विचारले जाईल. परळ व जामखेडच्या इतिहासातून या प्रश्नाला सरधोपट नकार मिळत नाही, कारण रिकामी जागा ही नेहमी वाईट जागा नसते. मात्र गव्हर्नरांनी परळ सोडले तेव्हा त्याच्या आजूबाजूला गिरणगाव दाटत होते. हरेगावला मात्र ऊस कंपनीचे वैभव ओसरल्यानंतरचे माळरान आहे. मोकळ्या जमिनीशी नाते कोणाचे आहे, हे आधी पाहावे लागेल. या जमिनींवर मूळ शेतकऱ्यांच्या वारसांचे दावे दीर्घकाळ चालू आहेत, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा पर्याय म्हणजे नेवासे-श्रीरामपूर-संगमनेर हा रस्ता व बाजारपेठ यांना लागून, शक्यतो विद्यमान शासकीय रुग्णालयाच्या प्रसूती विभागाशेजारी. परळचा अनुभव या पर्यायाच्या बाजूने आहे. प्रसूतीनंतर धोक्यात आलेल्या बाळाला रुग्णवाहिकेची नव्हे तर ओसरीची गरज असावी, एवढेच अंतर इष्ट आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे व तिने अनेक जीव वाचविले. तरी रुग्णवाहिका अंतर कमी करीत नाही, केवळ ते लवकर कापते. दूरध्वनीवर आपण कोठे आहोत हे सांगण्यासाठी स्थळाचे नाव लागते आणि फडातील खोपीला नाव नसते.

जागेइतकाच वेळेचा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे व तो नगररचनेच्या कोणत्याही नकाशावर दिसत नाही. टोळीतील स्त्रीने मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी दिवस मोडला तर तो खाडा धरला जातो आणि खाड्याची रक्कम उचलीच्या हिशेबात चढते. सकाळी नऊ ते दुपारी एक ही बाह्यरुग्ण विभागाची प्रचलित वेळ तिच्यासाठी शंभर कोसांवर आहे, मग इमारत फडाला लागून का असेना. गाळप हंगामात बाह्यरुग्ण विभाग सूर्यास्तानंतर चालविणे, आठवडी बाजाराच्या दिवशी, टोळ्या किराण्यासाठी गावात येतात तेव्हा, लसीकरणाची वेळ ठेवणे, आणि गव्हाणीपुढे गाड्यांच्या रांगा लागतात त्या कारखाना आवारात एक परिचारिका बसविणे या गोष्टी इमारतीच्या आराखड्याआधी ठराव्या लागतील. टोळीबरोबर आलेल्या मुलांची यादी प्रत्येक हंगामाच्या आरंभी मुकादमाकडून घेता येईल. कोयत्यांची यादी कारखान्याकडे आजही असतेच. त्या यादीत मुलांसाठी एक रकाना वाढवावा लागेल.